वारेचा राहिलेला तुकडा : दुर्बिणीतून केलेल्या उपचाराचे एक प्रकरण

बाळंतपणानंतर गर्भपिशवीत वारेचा अंश राहणे ही नवी गोष्ट नाही. त्यावर ‘पिशवी धुणे’ हा उपायही आपल्याकडे इतका रुळलेला आहे की, महिना उलटूनही बाळंतिणीच्या अंगावरून जात राहिले तर घरची माणसे दवाखान्यात येतानाच त्या तयारीने येतात. पुढे मांडलेल्या प्रकरणात हा उपाय जाणूनबुजून टाळला, तीन आठवडे वाट पाहिली आणि मग तुकडा योनीमार्गे गर्भपिशवीत घातलेल्या दुर्बिणीतून काढला. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपेक्षा वाट पाहण्याचा निर्णय अवघड होता, म्हणून या टिपणात त्याला अधिक जागा दिली आहे. रुग्णेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रसूती आणि पहिले चोवीस दिवस

सत्तावीस वर्षांची ही स्त्री पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दीड वर्षापूर्वी अडीच महिन्यांचा गर्भ पडल्यामुळे तिचे एकदा क्युरेटिंग (म्हणजे क्युरेट या हत्याराने पिशवी आतून खरवडणे, लोकांच्या भाषेत ‘पिशवी धुणे’) झालेले होते, आणि ही नोंद पुढच्या साऱ्या विचारात महत्त्वाची ठरली. तालुक्याच्या ठिकाणी नैसर्गिक प्रसूती झाली, मूल २.९ किलोचे, सुदृढ. वार मात्र अर्धा तास उलटला तरी सुटेना. पिशवी आवळणारे ऑक्सिटोसिन देऊन आणि नाळेला बेताचा ताण देऊनही ती जागची हलली नाही, रक्तस्राव वाढू लागला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन वार हाताने काढली आणि एक पिशवी रक्त चढवले. वार तुकड्यांत निघाली, असे त्यांनी कार्डावर स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवले होते. त्या घडीला जे करायला हवे होते तेच त्यांनी केले. वाहत्या रक्तात, लोण्यासारख्या मऊ झालेल्या पिशवीत हात घालून काढलेल्या वारेचा एखादा लगदा कोपऱ्यात राहून जाणे याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. उलट कार्डावरच्या त्या एका ओळीमुळे आमचे निम्मे काम हलके झाले.

बाराव्या दिवशी, बारशाच्या गडबडीत, तिला एकाएकी रक्ताच्या गाठी पडल्या. जवळच्या दवाखान्यात पिशवी आवळण्याच्या गोळ्या आणि प्रतिजैविके मिळाली. दोन दिवसांत रक्त कमी झाले, पण थांबले नाही. घरात याचे खापर अळिवाच्या खिरीवर आणि डिंकाच्या लाडवांवर फुटले आणि दोन्ही बंद झाले. पिशवीतल्या रक्ताचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, आणि हिमोग्लोबिन घसरलेल्या बाळंतिणीच्या ताटातून तेवढे पौष्टिक मात्र कमी झाले.

चोविसाव्या दिवशी ती आमच्याकडे आली तेव्हा ताप नव्हता, नाडी मिनिटाला ९६, रक्तदाब ठीक आणि हिमोग्लोबिन ८.४ होते. स्रावाला दुर्गंधी नव्हती आणि पोट दाबल्यावर दुखत नव्हते. गर्भपिशवी या दिवसांत असायला हवी त्याहून मोठी आणि मऊ लागत होती, तिचे तोंड बोटाचे टोक जेमतेम शिरेल इतके उघडे होते. सोबत एक सोनोग्राफीचा अहवाल होता. पिशवीच्या डाव्या कोपऱ्यात ३४ बाय २२ मिलिमीटरचा संमिश्र दाटपणाचा गोळा, त्याच्या बुडाशी आणि लगतच्या स्नायूत रक्ताचा जोरदार प्रवाह, असे त्यात लिहिले होते. आणि शेवटच्या ओळीत धमनी-शिरांच्या विकृत जोडणीची शक्यता वर्तवून मोठ्या शहरात जाऊन रक्तवाहिनी बंद करून घेण्याचा सल्ला दिला होता. या शेवटच्या ओळीने सारे घर हादरून गेले होते.

त्या शेवटच्या ओळीविषयी

वार जिथे रुजते तिथल्या मातेच्या रक्तवाहिन्या गर्भारपणात रुंदावतात आणि प्रसूतीनंतर हळूहळू मिटत जातात. वारेचा जिवंत अंश मागे राहिला, तर त्या जागेपुरते हे मिटणे लांबते. रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत अशी जागा लाल-निळ्या रंगांनी भरून येते आणि पाहणाऱ्याला जन्मजात विकृतीचा भास होतो. गर्भपिशवीतली खरी जन्मजात विकृती अतिशय दुर्मीळ आहे. बाळंतिणीत दिसणारा हा रंग बहुतेक वेळा राहिलेल्या अंशाचाच असतो आणि तो अंश सुटला किंवा मेला की आपोआप ओसरतो. म्हणून आता असा अहवाल लिहिताना ‘विकृती’ असा शब्द न वापरता ‘स्नायूतील वाढलेला रक्तपुरवठा’ एवढेच लिहावे, असा आग्रह धरला जातो, आणि तो मला योग्य वाटतो. चुकीच्या नावामुळे तरुण स्त्रीच्या गर्भपिशवीच्या धमन्या विनाकारण बंद केल्या जाण्याचा धोका असतो.

डॉप्लरवरील चित्रानुसार राहिलेल्या अंशाचे चार प्रकार मानणारी एक वर्गवारी प्रचलित आहे. पहिल्या टोकाला रक्तपुरवठा नसलेला, पांढरट, मेलेला तुकडा असतो. दुसऱ्या टोकाला भरपूर रक्तपुरवठ्याचा गोळा आणि त्याच्या खाली तितकाच रंगलेला स्नायू. आमच्या रुग्णेचे चित्र या दुसऱ्या टोकाचे होते. आम्ही स्वतः पुन्हा तपासले तेव्हा गोळा तोच, जागा तीच, प्रवाहाचा वेगही चढाच निघाला. वारेच्या पेशींतून रक्तात उतरणारे संप्रेरक, बीटा-एचसीजी, ३८ होते. हा आकडा कमी असला तरी शून्य नव्हता, म्हणजे वारेच्या काही पेशी अजून जिवंत होत्या. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतरही क्वचित वारेचा कर्करोग होतो आणि त्याची पहिली खूण असाच न थांबणारा रक्तस्राव असते, त्यामुळे ही तपासणी अशा प्रत्येक स्त्रीत करावी. आकडा सामान्य आला तर मात्र ‘काही राहिलेले नाही’ असा निष्कर्ष काढू नये; जुना, मेलेला तुकडा असूनही तो सामान्य येऊ शकतो.

याच्या उलट बाजूची चूकही वारंवार घडते. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिशवीत रक्ताच्या गाठी आणि अस्तराचा कचरा असणे स्वाभाविक आहे. सोनोग्राफीत नुसते ‘जाड अस्तर’ दिसले आणि रक्तस्राव बेताचा असला, तर तिथे काढण्यासारखे बहुधा काही नसते. रक्तपुरवठा असलेला निश्चित आकाराचा गोळा दिसला तरच राहिलेल्या अंशाचे निदान भक्कम होते.

क्युरेटिंग का नको, आणि लगेच दुर्बीणही का नको

रुग्णेच्या आईने पहिल्याच भेटीत सांगितले, “डॉक्टर, एकदाची पिशवी धुऊन टाका, म्हणजे कटकट मिटेल.” ही मागणी अडाणीपणाची नव्हती, त्यांच्या ओळखीतल्या दोघींची पिशवी अशीच धुतलेली होती आणि दोघीही बऱ्या झाल्या होत्या. त्यांना काय सांगायचे हा खरा प्रश्न होता.

बाळंतिणीची गर्भपिशवी ही क्युरेटसाठी सर्वांत वाईट जागा आहे. भिंत मऊ असते, त्यामुळे हत्यार आरपार जाण्याची भीती असते. अंगावर पाजणाऱ्या आईत इस्ट्रोजेन कमी असते, त्यामुळे खरवडलेले अस्तर लवकर भरून येत नाही, आणि समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींना चिकटतात. बाळंतपणानंतरच्या क्युरेटिंगमुळे पिशवीची पोकळी बुजल्याचे प्रकरण हाइनरिख फ्रिच्श यांनी १८९४ मध्येच नोंदवले होते. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्या विकाराला पडले. नेदरलँड्समधील १९९८ च्या एका अभ्यासात, वारेचा अंश प्रसूतीच्या दिवसानंतर काढलेल्या किंवा गर्भपातानंतर दुसऱ्यांदा क्युरेटिंग झालेल्या ५० स्त्रियांची दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा २० जणींच्या पिशवीत चिकटपणा आढळला. आमच्या रुग्णेचे एक क्युरेटिंग आधी झालेले होते आणि बहुधा त्यामुळेच वार कोपऱ्यात जास्त खोल रुजली होती. तिला आणखी मुले हवी होती.

शिवाय तुकडा कोपऱ्यात होता. आंधळेपणाने फिरवलेले क्युरेट पिशवीच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर सहज फिरते, बीजनलिकेच्या तोंडाजवळच्या खोबणीत मात्र सहसा पोहोचत नाही. निरोगी अस्तर निघते, तुकडा तिथेच राहतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा क्युरेटिंग करण्याची वेळ येते.

मग लगेच दुर्बीण का घातली नाही, असे कोणी विचारेल. स्नायूत एवढा रक्तप्रवाह असताना तुकडा ओढला तर त्याच्या बुडाच्या उघड्या वाहिन्यांतून रक्त उसळते, दुर्बिणीतून दिसणे बंद होते, आणि पाहून करण्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. त्याच वाहिन्यांतून पोकळी फुगवण्यासाठी सोडलेले पाणीही शरीरात झपाट्याने शिरते. रक्तस्राव बेताचा होता, जंतुसंसर्ग नव्हता, म्हणून वाट पाहणे शक्य होते. काही स्त्रियांत या काळात तुकडा आपोआप पडूनही जातो. मात्र वाट पाहण्याला अटी घातल्या. रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायचे, रात्री घरात एकटे राहायचे नाही, तासाला एकाहून अधिक पॅड भिजू लागले किंवा ताप आला तर फोन करत न बसता थेट निघून यायचे. शिरेतून लोह दिले. लाडू आणि खीर पुन्हा सुरू करायला सांगितले, आणि आईंच्या चेहऱ्यावरून असे वाटले की आमच्या सगळ्या सल्ल्यांत त्यांना हाच सर्वांत पटला.

तिला धो-धो रक्त जात असते किंवा ताप येऊन पिशवी दुखत असती, तर यातले काहीच लागू नव्हते. तेव्हा रक्त चढवून, प्रतिजैविके देऊन, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली शोषण-नळीने पिशवी रिकामी करणे हाच मार्ग असतो, आणि दुर्बिणीच्या हट्टापायी त्यात उशीर करणे धोक्याचे आहे.

पंचेचाळिसाव्या दिवशी गोळा २६ बाय १८ मिलिमीटर झाला होता, स्नायूतला रंग जवळजवळ विझला होता आणि प्रवाह बुडाच्या एका बिंदूपुरता उरला होता. बीटा-एचसीजी ६ आणि हिमोग्लोबिन १०.६ होते. मधूनमधून रक्त जाणे चालूच होते. आता थांबून काही साधणार नव्हते. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया ठरली.

शस्त्रक्रिया

दोन पिशव्या रक्त जुळवून ठेवले होते आणि फुगा असलेला फोलीचा कॅथेटर ट्रॉलीवर तयार होता. रक्त थांबेनासे झाले तर तो पिशवीत फुगवून दाब देता येतो. भूलतज्ज्ञांनी अल्पकाळची संपूर्ण भूल दिली. आधी पाच मिलिमीटरची बारीक दुर्बीण, योनीत कोणतेही हत्यार न लावता, सलाइनच्या प्रवाहाबरोबर आत सरकवली. पिशवीच्या मऊ भिंतीत आंधळेपणाने मापकांडी घालण्याची वेळ येऊ नये, म्हणून पहिला प्रवेश डोळ्यांदेखत करणे मला नेहमीच श्रेयस्कर वाटते. ट्यूबमधली हवा आधी पूर्ण काढून टाकली होती. उघड्या वाहिन्यांत हवा शिरणे हा या शस्त्रक्रियेतला विरळ पण जीवघेणा धोका आहे.

आतले चित्र सोनोग्राफीशी जुळले. पोकळी बहुतेक स्वच्छ, अस्तर पातळ आणि फिकट गुलाबी. उजव्या बीजनलिकेचे तोंड स्पष्ट दिसत होते. डाव्या कोपऱ्यात पिवळसर-करडा, खडबडीत गोळा चिकटलेला होता, त्याच्या कडेला पांढुरक्या झुबक्यांसारखे वारेचे अंकुर पाण्यात हलत होते, आणि त्याच्या मागे डाव्या नलिकेचे तोंड पूर्ण झाकले गेले होते.

मग गर्भपिशवीचे तोंड नऊ मिलिमीटरपर्यंत रुंदावून २६ फ्रेंच मापाचा बायपोलर रेसेक्टोस्कोप (सलाइनमध्ये वीज चालवता येणारी, शस्त्रक्रियेची दुर्बीण) घातला. या यंत्राच्या टोकाची तारेची लूप एरवी वीज सोडून मांस कापण्यासाठी वापरतात. इथे वीज बंद ठेवली आणि थंड लूपच वाकड्या नखासारखी तुकड्याच्या मागे सरकवून, त्याला भिंतीपासून आपल्याकडे ओढत सोडवत आणले. वारेचा जुना अंश आणि स्नायू यांच्यामध्ये एक पातळी असते, ती सापडली की तुकडा साल निघावी तसा सुटतो. वीज वापरली तर ही पातळी दिसत नाही, खालचे पायाचे अस्तर भाजते, आणि चिकटपणाची जी भीती क्युरेटमध्ये होती ती दुसऱ्या वाटेने परत येते. कोपऱ्यात भिंत सर्वांत पातळ असते हे लक्षात घेऊन लूप नेहमी आतून बाहेर, पाहणाऱ्याच्या दिशेनेच ओढली; पुढे ढकलून एकदाही चालवली नाही. दरम्यान सहकारी डॉक्टर पोटावरून सोनोग्राफीने लूप आणि पिशवीची बाहेरची कड यांतले अंतर सांगत होते.

तुकडा तीन भागांत निघाला. शेवटच्या भागाचे बूड घट्ट होते. तो सुटताच एका वाहिनीतून रक्ताची बारीक धार आली, पडदा क्षणभर लाल झाला. पाण्याचा दाब ८० वरून १०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत नेला, दिसू लागताच लूप त्या बिंदूवर टेकवून क्षणभर वीज दिली, आणि दाब पुन्हा उतरवला. साऱ्या शस्त्रक्रियेत वीज तेवढीच वापरली. शेवटी दाब मुद्दाम ४० पर्यंत खाली आणून पाहिले, कारण वाढलेल्या दाबाखाली गप्प बसलेली वाहिनी दुर्बीण बाहेर काढल्यावर वाहू लागू शकते. रक्त आले नाही आणि डाव्या नलिकेचे तोंड आता उघडे दिसत होते. फुग्याची गरज पडली नाही.

पाण्याचा हिशेब सिस्टरांनी फळ्यावर मांडला होता. आत गेले आणि बाहेर आले यांतील तफावत ३५० मिलिलिटर होती. सलाइन वापरताना निरोगी स्त्रीत ही तफावत २५०० मिलिलिटरच्या पुढे जाऊ द्यायची नसते. जुन्या मोनोपोलर यंत्राची वीज सलाइनमध्ये चालत नाही, म्हणून त्याबरोबर ग्लायसीनचे द्रावण वापरावे लागे, त्याची मर्यादा १००० मिलिलिटरच आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम उतरते. बाळंतिणीत उघड्या वाहिन्या असल्याने मी या आकड्यांच्या बऱ्याच आधी थांबणे पसंत करतो.

अशा तुकड्यांसाठी फिरत्या पात्याने कापून लगेच शोषून घेणारे यंत्रही मिळते. त्यात दुर्बीण पुन्हा पुन्हा बाहेर काढावी लागत नाही, वेळ कमी लागतो आणि वीज वापरली जात नाही. ते सोयीचे आहे यात शंका नाही. पण त्याचे पाते एकदाच वापरायचे असते आणि त्याची किंमत आमच्यासारख्या ठिकाणच्या रुग्णाला जड जाते, शिवाय वाहिनी वाहू लागली तर ती बंद करण्याची सोय त्यातच नसते. थंड लूप साध्या रेसेक्टोस्कोपवर चालते, आणि हे यंत्र आता जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा उपलब्ध असते.

इथे एक अप्रिय पुरावाही नोंदवला पाहिजे. फ्रान्समधील रुग्णालयांत ५७४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अपूर्ण गर्भपातानंतर दुर्बिणीने अंश काढल्याने पुढील गर्भधारणेचे प्रमाण शोषण-नळीपेक्षा वाढले नाही. दुर्बीण महाग पडते आणि वेळ घेते, त्यामुळे लहान गर्भपाताच्या प्रत्येक रुग्णाला ती सुचवणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. आमच्या रुग्णेला मात्र तो लागू होत नव्हता. हा पूर्ण दिवसांच्या वारेचा, दीड महिना जुना, कोपऱ्यात घट्ट रुजलेला तुकडा होता, आणि शोषण-नळी तिथपर्यंत पोहोचली असती याची खात्री देता आली नसती.

नंतर

पूर्ण जाग आल्यावर संध्याकाळी तिने बाळाला पाजले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी गेली. पाच दिवसांत रक्त पूर्ण थांबले. पॅथॉलॉजीच्या अहवालात वारेचे जुने, कडक होत चाललेले अंकुर आढळले, संशयास्पद पेशी नव्हत्या, आणि नमुन्यात स्नायूचा धागाही नव्हता, म्हणजे लूप योग्य पातळीत चालली होती. दोन आठवड्यांनी बीटा-एचसीजी मोजता येणार नाही इतके खाली आले.

चिकटपणा रोखणारे जेल घातले नाही, कारण समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या पडलेल्या नव्हत्या. ते घालणाऱ्यांशी माझा वाद नाही. मात्र दोन महिन्यांनी भूल न देता बारीक दुर्बिणीने पुन्हा एकदा पाहण्याचा आग्रह आम्ही धरला, आणि त्यामागे एक कारण होते जे अनेकदा नजरेआड होते. अंगावर पाजणाऱ्या आईला पाळी येत नाही, हे सगळ्यांनाच स्वाभाविक वाटते. पिशवी आतून चिकटली असेल तरीही पाळी येत नाही. दूध तोडेपर्यंत या दोन्हींत फरक कळत नाही आणि तोवर पातळ जाळे घट्ट होऊन बसते. रुग्णा प्रथम तयार नव्हती. रक्त थांबले, आता पुन्हा कशाला, असे तिचे म्हणणे होते. हे कारण समजावून सांगितल्यावर ती आली. पोकळी मोकळी होती, दोन्ही नलिकांची तोंडे दिसत होती, डाव्या कोपऱ्यात फक्त एक फिकट वण होता.

गर्भनिरोधनासाठी तिला आशाताईंनी सरकारी दवाखान्यातले अंतरा इंजेक्शन सुचवले होते. पॅथॉलॉजीचा अहवाल येऊन रक्त थांबेपर्यंत ते पुढे ढकलायला सांगितले, कारण त्या इंजेक्शनानेही सुरुवातीला अनियमित रक्त जाते आणि ते कशाचे, हे ठरवता आले नसते. दुर्बिणीची दुसरी तपासणी झाल्यावर तिने ते घेतले.

तिच्या कार्डावर शेवटी पुढील नोंद केली असून त्याची एक प्रत सासरच्या गावातील आरोग्य केंद्रात देण्यासाठी तिच्याजवळ दिली आहे : “आधीच्या बाळंतपणात वार अडकली, हाताने काढावी लागली, डाव्या कोपऱ्यात अंश राहिला, दुर्बिणीने काढला. पुढच्या गर्भारपणात वारेची जागा आणि तिचे रुजणे सोनोग्राफीत मुद्दाम पाहावे. प्रसूती रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच करावी.”